आईचा बोलोन्याचा व्हिसा

इटलीतल्या बोलोन्यात मी अकरा महिने राहिलो. इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या आमच्या ऑफिसनं तिथल्या एका कारखान्याला सॉफ्टवेअर विकलं होतं. कारखाना चहाच्या पिशव्या भरणारी यंत्रं बनवायचा आणि आमचं सॉफ्टवेअर त्या यंत्रांशी काही केल्या जुळत नव्हतं. ते जुळेपर्यंत तिथं राहा, असं मला सांगण्यात आलं. तेव्हा ब्रिटिश पासपोर्टवर युरोपात कुठंही जाऊन काम करता यायचं. मला एकही फॉर्म भरावा लागला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं फॉर्मवरूनच झालं.

बायको आणि आठ वर्षांची मुलगी मिल्टन कीन्सलाच राहिल्या. एकाआड एक शुक्रवारी मी घरी यायचो आणि सोमवारी सकाळी ल्यूटनच्या विमानतळावरून परत जायचो.

जुन्या गावात तिसऱ्या मजल्यावर मला दोन खोल्या मिळाल्या. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, सत्तरीची, विधवा. त्या गावात फुटपाथवर कमानी आहेत. प्रत्येक घराचा वरचा मजला रस्त्याच्या अंगाला पुढं आलेला, खाली खांबांवर तोललेला, आणि त्याखालून माणसं चालतात. एक घर संपलं की पुढच्या घराच्या कमानी सुरू. पाऊस असो, ऊन असो, छत्री लागत नाही. काही खांब अजून लाकडीच आहेत. गावाबाहेर टेकडीवर एक चर्च आहे, तिथपर्यंत या कमानी डोंगर चढत जातात. मधोमध दोन मनोरे आहेत, दोन्ही कललेले.

हे सगळं मी दर रविवारी फोनवर आईला सांगायचो. आई सांगलीला एकटी राहते. तिथल्या एका शाळेत तिनं बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. खडू न उचलता ती फळ्यावर कच्छपासून सुंदरबनापर्यंत किनारा काढायची. इटली बुटासारखी आहे असं पुस्तकात असतं, ते तिला आवडायचं नाही. "बूट म्हणजे काय? टाच दाखवा, पोटरी दाखवा," असं मुलांना म्हणायची. माझं बोलोन्या गुडघ्याच्या मागच्या खळीत आहे, हे तिनंच मला सांगितलं.

"तुझी खिडकी कुठल्या दिशेला आहे?"

"काय माहीत."

"ऊन कधी येतं आत?"

"ऑफिसातून येतो तेव्हा असतं."

"मग पश्चिमेला. एवढा इंजिनिअर झालास आणि दिशा मी सांगलीत बसून सांगायची. बरं, घरातून निघालास की डाव्या हाताला काय लागतं?"

"बेकरी."

"किती पावलांवर?"

"आई, पावलं कोण मोजतं?"

"तू मोज. पुढच्या रविवारी सांग."

मी मोजली. ती ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर पेन्सिलीनं त्या गावाचा नकाशा काढत होती, हे मला दोन-तीन महिन्यांनी कळलं. बेकरी, चौक, मनोरे, टेकडीची वाट. एका रविवारी ती म्हणाली, "मला ते बघायचंय. रोम-बिम नको. व्हेनिस नको. तुझं गाव दाखव. मी काढलंय ते बरोबर आहे का ते बघते."

याआधी ती दोनदा इंग्लंडला आली होती. एकदा बायकोच्या बाळंतपणाला, एकदा मुलीचं ऑपरेशन झालं तेव्हा. ही पहिली खेप तिनं स्वतःसाठी ठरवली. मे महिन्यात मिल्टन कीन्सला यायचं, जूनमध्ये माझ्याबरोबर दहा दिवस बोलोन्याला. मी म्हणालो, ये, इटलीचा व्हिसा आपण लंडनहून काढू.

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते.

बेकरीच्या पुढं कमानींखाली एक छोटा बार होता. सहाला कारखाना सुटला की मी तिथं जाऊन उभा राहायचो. वाइनचा एक ग्लास घेतला की ते काउंटरवर छोट्या ताटल्या मांडायचे. ऑलिव्ह, चीज, पावाचे तुकडे, डुकराच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी ते काप खायचो. बारवाला मान हलवायचा, मी मान हलवायचो. तास-दीड तास मी कुणाचा मुलगा नसायचो, कुणाचा नवरा नसायचो, मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळाचा खजिनदारही नसायचो. आईला मी बार सांगितला नव्हता. तिच्या नकाशात बेकरीनंतर थेट चौक होता.

घरमालकिणीचं मात्र सांगितलं होतं. ज्या रविवारी मी घरी जात नसे त्या रविवारी ती मला खाली बोलवायची. पिठाच्या चौकोनी तुकड्यात सारण ठेवून, दुमडून, करंगळीभोवती गुंडाळून टोकं जुळवायची, हे तिनं मला शिकवलं. मोदकाच्या कळ्या मला कधी जमल्या नाहीत. खरं तर शिकायला आईजवळ मी कधी बसलोच नाही. घरमालकिणीजवळ मात्र बसायचो. ती विचारायची, तुझी आई कधी येणार? मी म्हणायचो, जूनमध्ये.

आईच्या विमानाला तीन आठवडे उरले होते, तेव्हा कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून मी इटलीच्या व्हिसाचं वेबपेज उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की व्हिजिटर म्हणून इंग्लंडला आलेल्या माणसाला तिथून इटलीचा व्हिसा मागता येत नाही. आपापल्या देशातूनच मागायचा. म्हणजे आईनं निघण्याआधी मुंबईला जाऊन अर्ज द्यायला हवा होता. अशी चूक आपल्याकडच्या बऱ्याच मुलांची होते. आई-बाबा लंडनला आले की पुढचं इथून बघू, असं सगळ्यांनाच वाटतं. त्या चुकीबद्दल मला काही वाटत नाही. पण मुंबईच्या तारखा मोकळ्या होत्या. एक गुरुवार होता, एक सोमवार होता. आईला फोन करून "मुंबईला जाऊन ये" एवढंच म्हणायचं होतं. मी पेज बंद केलं, कॉफी संपवली आणि कामाला गेलो.

आळस केला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आळस नव्हता. साडीवर कार्डिगन आणि पायात स्पोर्ट्स शूज अशी आई त्या काउंटरशी उभी आहे आणि विचारतेय, "यात काय घातलंय रे?", हे मला दिसलं होतं. मला ती तिथं नको होती. इतकं साधं आहे ते, आणि म्हणूनच सांगता आलं नाही.

मेमध्ये आई आली. मिल्टन कीन्स तिला फार आवडलं. तिथले रस्ते आडवे-उभे, नंबर घातलेले. "हे गाव कुणीतरी गणिताच्या वहीवर आखलंय," म्हणाली, आणि चार दिवसांत कुठल्या राउंडअबाउटला कुठं वळायचं हे ती बायकोला सांगायला लागली. तो पंधरवडा मी इथल्याच ऑफिसातून काम करत होतो. तिनं पासपोर्ट माझ्या हातात दिला.

"मला नाही यावं लागणार लंडनला? यूकेच्या वेळी मुंबईला बोटांचे ठसे घेतले होते."

"तेच चालतात."

पासपोर्ट नऊ दिवस माझ्या ऑफिसच्या खणात होता. दहाव्या दिवशी मी तो घरी आणला. आई टेबलाशी मेथी निवडत बसली होती.

"नाही झालं," मी म्हणालो.

"काय नाही झालं?"

"व्हिसा. रिफ्यूज केला."

तिनं हात पुसले. पासपोर्ट घेऊन एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेली.

"शिक्का कुठाय?"

"हल्ली शिक्का मारत नाहीत."

"मग पत्र?"

"ईमेल आलं."

"काय म्हणतात?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. "तू परत जाशील याची त्यांना खात्री वाटत नाही म्हणे."

आधी ती हसली. "म्हणजे मी तिथं लपून बसणार? आणि काय करणार, भांडी घासणार?" मग पुन्हा मेथी पुढं ओढली. थोड्या वेळानं म्हणाली, "कुणीतरी माझा कागद हातात घेऊन असं म्हणालं?"

बायको म्हणाली, "अपील करता येत असेल ना? मी बघते वेबसाइटवर."

"काही उपयोग नसतो," मी म्हणालो.

आईनं वेबसाइटची वाट पाहिली नाही. दोन दिवस बसून तिनं पत्र लिहिलं. प्रिंटरचे कोरे कागद घेतले, पट्टीनं पेन्सिलीच्या रेघा मारल्या, इंग्रजीत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मग रेघा खोडल्या. मी निवृत्त शिक्षिका आहे. सांगलीला माझं स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे. मी कधी कुठला नियम मोडलेला नाही. मला परत जायचंच आहे, कारण दिवाळीच्या सुट्टीनंतर शेजारच्या मुलींची स्कॉलरशिपची शिकवणी माझ्याकडे सुरू होते. खाली सही. ते पाकीट मी ऑफिसात नेलं आणि श्रेडरमध्ये घातलं. घरी येऊन सांगितलं, पोस्ट केलं.

आमच्याकडे अकराच्या सुमाराला दाराच्या फटीतून टपाल पडतं. आवाज झाला की आई जिना उतरायची. पिझ्झाची जाहिरातपत्रकं, कौन्सिलची पत्रं. ती सगळं नीट लावून ठेवायची आणि म्हणायची, "त्यांच्याकडे कामं जास्त असतील." ऑक्टोबरपर्यंत हे चाललं. मी बोलोन्याहून आलो की पहिलं बूट ठेवायच्या कपाटावरचा तो गठ्ठा दिसायचा.

त्याच उन्हाळ्यात तिनं माझ्याबरोबर घरमालकिणीसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवला. ती आली नाही म्हणून निदान चटणी. घरमालकिणीला मी तोवर सांगून बसलो होतो की आईला विमानाचा प्रवास झेपत नाही. तिनं पावाला लावून ती चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं, पुन्हा खाल्ली. डबा परत देताना त्यात बदामाची बिस्किटं भरली. आईच्या तब्येतीसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावते, म्हणाली.

आईनं डबा उघडून पाहिला. "रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"बघ. आणि तिथंच मला जाऊ देत नाहीत."

घरमालकीण चार वर्षांनी गेली. तिच्या मुलानं पाठवलेलं कार्ड आलं. दोघींची भेट झाली नाही.

त्यानंतर मी बोलोन्याला गेलो नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी इटलीचे फोटो दाखवायला लागलं की मी उठायचो. पुढच्या खेपेला आई इथं असताना हॉलमध्ये कुणीतरी तिला म्हणालं, "काकू, इटली करून या एकदा." ती म्हणाली, "मला रिफ्यूज केलंय." परीक्षेचा निकाल सांगावा तसं, मान ताठ ठेवून. तो माणूस ओशाळला. मी ताटं आणायला गेलो.

मधल्या काळात तिच्या यूकेच्या व्हिसाचे दोन फॉर्म मी भरले. ती नुसती सही करायची. गेल्या जानेवारीत पुन्हा फॉर्म भरायची वेळ आली. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळं तिला लख्ख दिसायला लागलंय. रविवारी दुपारी मी इथं डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, ती सांगलीत टॅबलेट समोर घेऊन. "या वेळी एकेक प्रश्न वाचून दाखव," तिनं फर्मावलं. "मी कशाखाली सही करते ते मला कळू दे."

मी वाचत होतो, ती उत्तरं देत होती. एका ठिकाणी मी न वाचताच "नो" वर क्लिक करून पुढं गेलो.

"थांब. मागं जा. तो काय होता?"

"काही नाही, व्हिसाचं आहे."

"वाच."

कुठल्याही देशानं तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का, असा प्रश्न होता. मी वाचला.

"यस कर."

"आई, ते नाही लागत."

"लागत कसं नाही? विचारलंय ना? इटलीनं नाकारलाय, लिही."

"इतकं जुनं कोण बघतंय?"

"तो टूरवालाही अगदी हेच म्हणाला होता."

"कुठला टूरवाला?"

तेव्हा मला कळलं. सहा वर्षांपूर्वी तिच्या शाळेतल्या चौघी निवृत्त बायका युरोपच्या टूरला निघाल्या होत्या. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाताना बस जेवणासाठी बोलोन्याला दोन तास थांबणार होती. हे आईनं आधी विचारून घेतलं होतं. टूरवाल्याच्या फॉर्मवर हाच प्रश्न होता. आईनं "यस" लिहिलं. तो म्हणाला, मावशी, नो लिहा, कुणाला कळतंय. आई म्हणाली, मी नो लिहिणार नाही. तो म्हणाला, मग कागदपत्रं दाखवा, नाहीतर तुमच्यापायी बाकीच्यांचंही अडकेल. कागदपत्रं नव्हती. आई यादीतून बाहेर पडली. तिच्या खोलीत शाळेतल्या गणिताच्या बाई राहणार होत्या, त्याही गेल्या नाहीत. परक्या बाईबरोबर दहा रात्री कोण काढणार, म्हणाल्या. दोघी गेल्या, दोघी सांगलीत राहिल्या.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगायचं? तू तेव्हा एवढी खटपट केलीस, लंडनला हेलपाटे घातलेस. उगीच पुन्हा तुला वाईट वाटलं असतं. यस केलंस का?"

बायको सिंकपाशी होती. तिनं नळ बंद केला, आमचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून असेल, किंवा भांडी संपली असतील.

यस करायचं तर आईच्या नावानं सरकारी फॉर्मवर मी खोटं लिहिणार, आणि पुढं ते तपशील मागणार. नो ठेवायचं तर मी आपल्याकडून खोटं लिहून घेतोय असं तिला वाटणार, आणि त्याखाली ती सही करणार नाही. तिसरं काही उरलं नव्हतं.

"आई, इटलीनं नाकारला नव्हता. मी अर्जच केला नव्हता."

"म्हणजे?"

मी सांगितलं. पडद्यावर तिचं कपाळ आणि मागची खिडकी एवढंच दिसत होतं. ती ओरडली नाही. हजेरी घेतल्यासारखे प्रश्न विचारत गेली.

"पासपोर्ट कुठं होता?"

"ऑफिसच्या खणात."

"ते ईमेल?"

"नव्हतं."

"माझं पत्र?"

"मशीनमध्ये घातलं. कागद फाडायच्या."

"मी परत जाणार नाही, हे वाक्य कुणाचं?"

"माझं."

 मग म्हणाली, "का रे?"

मी बारचं सांगितलं. ताटल्यांचंही सांगितलं.

"खाल्लंस ते खाल्लंस," ती म्हणाली. "मी बाहेर उभी राहिले असते. आई, तू इथं थांब, मी तासाभरात येतो, एवढं म्हणायचंस. मी खांब मोजत बसले असते."

मग ती फॉर्मकडे वळली.

"नो आहे ना? मग नोच ठेव. खरं आहे ते. पुढचा प्रश्न वाच."

आम्ही फॉर्म पूर्ण केला. तिच्या वडिलांची जन्मतारीख, शेवटची नोकरी, सगळं. मी वाचत होतो आणि ती नेहमीच्या आवाजात उत्तरं देत होती. शेवटी म्हणाली, "आता गणिताच्या बाईंना फोन कर. सहा वर्षं मी तिला म्हणतेय, माझ्यामुळं तुझं राहिलं. कुणामुळं राहिलं ते तू सांग. मी सांगणार नाही."

गणिताच्या बाई आता कोल्हापूरला मुलाकडे असतात. आठवीत त्यांनी मला बीजगणित शिकवलं होतं. फोन त्यांनीच घेतला.

"बाई, मी बोलतोय. इंग्लंडहून."

"कोण? मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही."

मी नाव सांगितलं, कुणाचा मुलगा ते सांगितलं. मग मुद्द्यावर आलो.

"बाई, मी आईच्या व्हिसाचा अर्ज केलाच नव्हता."

"कशाचा?"

"व्हिसाचा! इटलीच्या! मी अर्ज केला नव्हता!"

"मोठ्यानं!"

मिल्टन कीन्सच्या किचनमध्ये उभं राहून, बारा वर्षं कुजबुजतसुद्धा न सांगितलेली गोष्ट मी घसा ताणून ओरडत होतो. बायकोनं ऐकलं, उन्हाळ्यातल्यासारखी खिडकी उघडी असती तर शेजाऱ्यांनीही ऐकलं असतं. विद्यापीठातून सुट्टीला आलेली मुलगी वरून खाली आली आणि जिन्यात उभी राहिली.

"म्हणजे तू खोटं बोललास," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"आणि ती खरंच लिहीन म्हणून अडून बसली."

"हो."

"आणि मी तिच्यासाठी राहिले."

"हो बाई."

"पायऱ्या बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "उत्तर मात्र भयंकर आलंय, गाढवा." मग म्हणाल्या, "माझे गुडघे गेले आता. मी काही येत नाही. तिचे अजून चालतात तोवर तिला ने."

फोन ठेवल्यावर मुलगी जिन्यातून म्हणाली, "बाबा, तू असा का केलास? लाइक, सिरियसली? आजीला?" तिचं मराठी असंच आहे. त्यावर मी नेहमी हसतो. त्या दिवशी हसलो नाही.  बायको अजूनही त्याबद्दल बोललेली नाही. तिनं तेव्हा वेबसाइट बघते म्हटलं होतं, ते तिला आठवत असणार.

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हणालो, "आपण जाऊ. मी सगळं करतो."

"जाईन मी. तुझ्याबरोबर नाही."

"आई—"

"नातीबरोबर जाईन. आणि फॉर्म माझा मी भरीन. तू काही पाठवू नकोस, तिला पाठवायला सांग."

ती एसटीनं मुंबईला गेली, भाचीकडे राहिली, रांगेत बसून बोटांचे ठसे दिले. कागद कुठले लागतात ते तिनं मला विचारलं नाही. व्हिसा तेरा दिवसांत आला. पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो तिनं मुलीला पाठवला, मुलीनं मला दाखवला. मी बराच वेळ बघत राहिलो. फोटो तिचा नेहमीसारखाच आलाय, कुणावर तरी रागावल्यासारखा.

एप्रिलमध्ये ती मिल्टन कीन्सला आली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दोघी चार दिवसांसाठी निघाल्या. ल्यूटनला मी सोडायला गेलो. "आजी, तुझा बॅग मला दे," मुलगी म्हणाली. आई म्हणाली, "तुझी बॅग. घे म्हणाले तर घे, अजून चालतेय मी." मी घरमालकिणीच्या घराबद्दल काहीतरी सांगायला लागलो. "जा आता," आई म्हणाली, "इथं गाडी उभी करू देत नाहीत." ती रागात नव्हती. नियम होता, तो ती सांगत होती.

चार दिवस मला कुणाचाही फोन आला नाही. बायकोला मेसेज यायचे, ती वाचायची आणि फोन पालथा ठेवायची. मी विचारलं नाही.

परत आणताना दोघी मागच्या सीटवर बसल्या. मोटरवेला लागल्यावर मी विचारलं, "कसं होतं?"

"छान होतं," आई म्हणाली.

मुलगी म्हणाली, "बाबा, आजीने ना तिथे—"

"राहू दे," आई म्हणाली. थोड्या वेळानं दोघी हळू आवाजात हसल्या. मी समोर बघून गाडी चालवत होतो. काय झालं असेल याचा अंदाज करणं मी अजून सोडलेलं नाही. टेकडी चढली का, बारपाशी थांबली का, की बारच बंद झालाय. यातलं मला काहीच माहीत नाही. ते गाव आता तिचं आहे. तेव्हाही तिला हवं तेवढं मिळालं असतं आणि माझं काही कमी झालं नसतं. हे कळायला इतका वेळ लागला, याला मी कुठलं कारण देणार नाही.

परवा सकाळी तिनं कोल्हापूरला फोन लावला. खोलीचं दार लावून घेतलं होतं, पण गणिताच्या बाईंशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. मी जिन्याखाली होतो. "ऐक!" आई म्हणत होती, "स्टेशनपासून सांगते! आधी उजवीकडे!"

मी तिथंच उभा राहिलो असतो तर सगळं ऐकू आलं असतं. मी बूट घातले, दार ओढून घेतलं आणि घरामागच्या रेडवेनं, सायकलींच्या त्या लाल वाटेनं, तळ्यापर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा फोन चालूच होता, म्हणून आणखी एक फेरी मारली.